आत्याची चोपन्न अंडी

आत्या नाकावर माशी बसू देत नसे, असं गल्लीत म्हणायचे. पण खरं सांगायचं तर माशीची तिकडे फिरकायची छाती नव्हती. सख्खा भाचा तिला एकच, तोही चार तासांवरच्या शहरात राहणारा. तरी अकरा घरांची अख्खी गल्ली तिला आत्या म्हणायची, फक्त जरा लांबूनच. कोंबड्या पाळायच्या, अंडी विकायची, काही अंडी पेटीत उबवून पिल्लं विकायची, हा तिचा तीस वर्षांचा धंदा. अंडं थोडं मळकं दिसलं म्हणून कुणी तोंड वाकडं केलं, की ती विचारायची, "तुझ्या घरची कोंबडी आंघोळ करून बसते का रे?" गिऱ्हाईक खाली मान घालून अंडी घेऊन जायचं. दुसऱ्या दिवशी परत यायचंही, कारण अंडी चांगली असायची.

तिचा दुसरा गुण असा, की तीस वर्षांत तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. साखर संपली तर बिनसाखरेचा चहा प्यायची आणि वर "मला असाच आवडतो" म्हणायची. एकदा पाय मुरगळला तर झाडू उलटा धरून त्याच्या टेकूने पंधरा दिवस फिरली. शेजारच्या टेलरच्या बायकोने भाजी आणून दिली, तर हिने वाटी घासूनपुसून, आत चार अंडी ठेवून परत केली. वाटी रिकामी गेली नाही आणि उपकारही राहिला नाही.

आता वादळाचं ऐका.

चक्रीवादळ येणार हे दोन दिवस आधीच सांगितलेलं होतं. सगळ्यांनी खिडक्या बांधल्या, पाणी भरलं, मेणबत्त्या आणल्या. आत्याने खुराड्यावर दगड ठेवले, दोरखंड आवळले. पण सकाळी दहाला वारा सुटला आणि अकरापर्यंत कळून चुकलं, की हा दोरीला ऐकणारा नाही. पुढच्या खोलीत अंडी उबवायची पेटी होती. जुन्या लाकडी कपाटाची केलेली, आत दोन बल्ब, एक छोटा पंखा आणि चोपन्न अंडी. अंडी लावून चौथाच दिवस. आत्याने ती पेटी ओढत ओढत आतल्या खोलीत नेली, दार लावलं आणि दाराला पाठ लावून खाली बसली. बाहेर जे काही मोडत होतं त्याचा आवाज ऐकत, "मोड बाबा, मोड, एवढी खोली सोड," असं वाऱ्याला बजावत ती चार वाजेपर्यंत तशीच बसून होती.

वारा थांबला तेव्हा खोली शाबूत होती. खुराडं नव्हतं. त्याचं दार टेलरच्या अंगणात सापडलं, छपराचा तर पत्ताच लागला नाही. एकोणीस कोंबड्या गेल्या त्या गेल्याच. उरला एकटा कोंबडा. तो दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या घरावरच्या पाण्याच्या टाकीवर उभा राहून, वादळ आपणच परतवून लावल्यासारखा आरवत होता.

"मेल्या, तू वाचून काय करणार आहेस?" आत्या खालून ओरडली. "अंडी तू घालणारेस?"

सगळे हसले. आत्याही हसली. मग घरामागे जाऊन खुराड्याची मोकळी जागा झाडता झाडता खूप रडली. तिची एकेक कोंबडी तिच्याच पेटीत जन्मलेली, त्यांच्या आयाही तिथल्याच. आता त्या घराण्याचं जे काही शिल्लक होतं, ते पेटीतल्या चोपन्न अंड्यांत होतं.

आणि पेटीतले बल्ब विझलेले होते. गल्लीच्या तोंडाशी विजेचे तीन खांब आडवे झोपले होते. वायरमन येऊन बघून गेला, डोकं खाजवत म्हणाला, "तीन आठवडे धरून चाला. जास्त लागले तर मला शिव्या देऊ नका."

अंडं उबायला एकवीस दिवस लागतात आणि ते सगळे दिवस त्याला कोंबडीच्या पोटाखालची ऊब लागते. जास्त नको, कमी नको. शिवाय दिवसातून तीनदा कुशीवर वळवावं लागतं. म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. थर्मामीटर ओढाताणीत फुटला होता, पण आत्याचं त्यावाचून अडत नव्हतं. ती अंडं उचलायची आणि मिटलेल्या डोळ्यावर टेकवायची. पापणीची कातडी खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. पापणीला अंडं लागलंय हे कळलंच नाही तर ऊब बरोबर. गार लागलं तर कमी, आणि डोळा मागे घ्यावासा वाटला तर धोका.

तिने दोन रबरी पिशव्यांत गरम पाणी भरून पेटीत ठेवायला सुरुवात केली. दर दोन तासांनी नवं पाणी. तीन दिवस तिने हे एकटीने रेटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गॅसची शेगडी फुर्र फुर्र करून विझली. रस्त्यात झाडं पडलेली, नवीन सिलेंडर येणार कुठून?

आत्या पिशवी हातात धरून ओट्यासमोर उभी राहिली. मग दाराशी गेली, परत आली. पुन्हा गेली. शेवटी पदर खोचून, भांडायला निघाल्यासारखी टेलरच्या दुकानात शिरली.

वीज नसल्याने टेलरने माळ्यावरचं पायाचं मशीन आणि कोळशाची इस्त्री काढली होती. दारात शेगडी रसरसत होती. आत्याला बघून त्याने आधी आठवून पाहिलं, की आपलं काय चुकलं.

"हे भरून दे," आत्या पिशवी पुढे करून म्हणाली.

"काय भरू?"

"पाणी. गरम. अंड्यांसाठी." आणि मग, तीस वर्षं घशात अडकलेला शब्द कसाबसा बाहेर काढून म्हणाली, "जमेल का?"

टेलर इतका चक्रावला की हातातली कात्री त्याने चहाच्या कपात ठेवली. "अहो आत्या, जमेल म्हणजे काय! दिवसभर शेगडी पेटलेलीच असते की माझी. पण दोन पिशव्यांनी काय होणार? थांबा तुम्ही."

त्याची बायको तोवर पदर सावरत गल्लीत निघालीसुद्धा. संध्याकाळपर्यंत अकरा घरांचं वेळापत्रक ठरलं. ज्याची चूल ज्या वेळी पेटते, त्याने त्या वेळी पाणी आणायचं. सकाळी सातला मास्तर, नऊला कोपऱ्यावरच्या नर्सबाई, अकराला आणि चारला टेलर, असं करत रात्री नऊपर्यंत. पुढचं आत्या स्वतः बघणार, नर्सबाईंनी दिलेल्या थर्मासच्या जोरावर. पिशव्या कमी पडल्या तेव्हा लोकांनी बाटल्या आणल्या. औषधाच्या, सरबताच्या, तेलाच्या. मास्तरांनी आणलेल्या दोन बाटल्यांवरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं होतं, तरी त्या कशाच्या ते सगळ्यांना कळलं. आत्या म्हणाली, "मास्तर, पिल्लं झिंगत बाहेर यायची हं," आणि मास्तरांचे कान लाल झाले.

वादळानंतर सहाव्या दिवशी भाचा आला. गाडी दोन मैल अलीकडे ठेवून, झाडांवरून उड्या मारत, चिखलाने माखून. आल्या आल्या त्याने आत्याला मिठी मारली आणि मग पहिलं वाक्य टाकलं, "आता पुरे. सामान बांध. माझ्याकडे चल."

"का? मला काय झालंय?"

"आत्या, कोंबड्या गेल्या, खुराडं गेलं. या वयात परत पहिल्यापासून सुरू करणारेस? मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय."

खोली चांगली होती, भाचा तर लाखात एक. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आत्या एकदा आठ दिवस राहिली होती. त्या आठ दिवसांत तिच्यावर रागावायला एक माणूस नव्हता आणि तिने ज्याच्यावर ओरडावं असंही कुणी नव्हतं. परत आली तेव्हा अर्धी झाली होती.

"ही अंडी उबू देत," ती म्हणाली. "पिल्लं निघाली तर मी इथेच. नाही निघाली तर पेटी इथेच सोडून तुझ्यामागून येते. शब्द देते."

भाचा पेटीत डोकावला. बाटल्या, गोधड्या, पेन्सिलीच्या फुल्या. त्याने मनात सामानाचा हिशोब केला आणि म्हणाला, "ठीक आहे. एकविसाव्या दिवशी येतो."

पाळ्या सुरळीत चालल्या होत्या. इतक्या सुरळीत, की लोकांना चेव चढला. कुणाच्या बाटलीतलं पाणी जास्त वेळ गरम राहतं यावर पैजा लागायला लागल्या. त्यात टेलर पहिल्या नंबरावर. त्याच्या धंद्यात इस्त्री जितकी तापेल तितकी घडी कडक बसते, आणि हे त्याच्या हाडात भिनलेलं. लोकरीचं कापड इस्त्रीने तापवून तो अंड्यांवर पांघरायचा, ते आत्यालाही आवडलं होतं. वादळानंतर नवव्या दिवशी मात्र त्याच्या हुशारीला पंख फुटले. आत्या टँकरच्या रांगेत पाण्याला गेली होती. टेलर अकराच्या पाळीला आला आणि त्याला वाटलं, सारखं ये-जा कशाला? त्याने निखाऱ्यांनी भरलेली अख्खी इस्त्रीच पेटीत विटेवर उभी केली, वरून गोधडी टाकली आणि स्वतःवर खूश होऊन ओसरीवर बसला.

आत्या हंडा घेऊन आली. सवयीने एक अंडं उचलून डोळ्याला लावलं आणि किंचाळली. हंडा कलंडला. तिने पेटी सताड उघडली, इस्त्री बाहेर ओढली, सुपाने वारा घालायला लागली. आवाज ऐकून गल्ली गोळा झाली.

"शर्टाची कॉलर आहे का रे ती?" आत्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. "जन्मभर लोकांची मापं घेतलीस, स्वतःचं डोकं केवढं ते एकदा टेप लावून बघायचं होतंस! गुंडीएवढं तरी भरलं असतं का?"

लोक हसले. तेच वाईट झालं. आत्याचं बोलणं टेलरने एरवी कानाआड केलं असतं, पण अख्ख्या गल्लीसमोर, त्यात स्वतःच्या बायकोलाही हसू आलेलं... त्याने मान खाली घातली. इस्त्री उचलली आणि गेला.

चारच्या पाळीला तो आला नाही. पाचच्या पाळीचे म्हणाले, आमचा गॅस जरा कमीच राहिलाय. सातच्यांनी निरोप पाठवला, बाळ रडतंय. खरं कारण आत्याला कळत होतं. उद्या आपल्या हातून काही चुकलं आणि हिने चारचौघांत आपली अशीच शोभा केली तर? त्यापेक्षा लांब राहिलेलं बरं. आत्याने होत्या तेवढ्या गोधड्या पेटीवर घातल्या, थर्मासातलं पाणी पुरवून पुरवून वापरलं. पहाटे अंडं डोळ्याला लावलं. गार लागलं.

ती स्वतःलाच म्हणाली, "वाऱ्याने खुराडं नेलं. ही अंडी माझ्या तोंडाने चालली."

सकाळी टेलरने दुकानाची फळी काढली, तर समोर आत्या. ओच्यात एक अंडं.

टेलर मशीनकडे वळून म्हणाला, "माप द्यायचंय का काही?"

"चुकलं माझं," आत्या म्हणाली.

टेलरच्या मशीनची दोरी सुटली. तो ती लावायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण आता तोंड कसं करावं हे त्याला सुचेना.

"काल मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तू जीव लावून करत होतास. तुला नीट शिकवलं नव्हतं मी, माझीच चूक. मला शिकवायची सवय नाही, नुसती ओरडायची आहे. ऊठ. डोळा मीट."

"काय?"

"डोळा मीट म्हणते ना!" अर्ध्या वाक्यात आवाज पुन्हा चढला, तसा तिने तो खाली आणला. "मीट बाबा."

टेलरने डोळा मिटला. आत्याने अंडं अलगद त्याच्या पापणीवर टेकवलं. मशीनमागून त्याची बायको तोंडावर हात धरून बघत होती.

"काय वाटतं?"

"आत्या," तो हळू म्हणाला, "हे गार आहे हो."

"तेच सांगायला आले," आत्या म्हणाली.

टेलरने त्या दिवशी मशीनला हात लावला नाही. शेगडीत कोळसे घालत राहिला. दुपारपर्यंत आत्याच्या ओसरीवर रांग लागली होती, मास्तर, नर्सबाई, सगळे एकेक डोळा मिटून उभे आणि आत्या प्रत्येकाच्या पापणीला अंडं लावून विचारतेय, "गार? गरम? की काहीच नाही? काहीच नाही म्हणजे बरोबर." मास्तरांना दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं लागत होतं. त्यांना फक्त बाटल्या भरायचं काम दिलं.

अंडी लावल्यापासून अठराव्या दिवशी आत्याने भर दुपारी डोक्यावर गोधडी घेतली आणि आत बसून टॉर्चच्या उजेडात एकेक अंडं तपासलं. जिवंत असेल तर आत काळसर पिल्लू आणि लाल शिरा दिसतात. घामाने निथळत ती बाहेर आली. सतरा अंडी तिने बाजूला काढली होती. त्यातली नऊ इस्त्रीच्या विटेलगतची होती.

टेलर दारात उभा होता. त्याने अंडी मोजली, ती कुठल्या रांगेतली ते बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ही होय?" आत्या म्हणाली. "ही पहिल्यापासूनच रिकामी होती. दरवेळी निघतात अशी."

तोंडावर खरं बोलायचा तिचा तीस वर्षांचा लौकिक तिने त्या एका वाक्यात घालवला आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

एकविसाव्या दिवशी भाचा आला. रस्ता मोकळा झाला होता, त्यामुळे या वेळी गाडी दारापर्यंत आली, आणि तिच्या मागच्या सीटवर रिकामी खोकी होती. आत्याने ती बघितली. संध्याकाळपर्यंत पेटीत सदतीस अंडी होती आणि सदतीसच राहिली. ओसरीवर माणसं येत होती, "काही?" विचारत होती, जात होती. भाच्याने कुणाला न दुखावता स्वयंपाकघरातले डबे पुसून एका खोक्यात रचायला घेतले. आत्याने त्याला अडवलं नाही. शब्द दिलेला होता.

बाविसाव्या दिवशी अकरा वाजता टेलर पाणी घेऊन आला.

"राहू दे आता," आत्या म्हणाली. "दिवस उलटून गेला."

"पाळी माझी आहे," टेलर म्हणाला. बाटल्या ठेवल्या, एक अंडं उचललं, डोळा मिटला, टेकवलं. आणि तसाच थांबला. मग त्याने ते डोळ्यावरून कानाकडे नेलं.

"आत्या."

"काय?"

"हे बोलतंय."

आत्याने अंडं हिसकावून कानाला लावलं. आतून बारीक, चिडका आवाज येत होता. चिव. चिव. चिव. "अगं बाई," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. "थंडी लागली म्हणून एक दिवस उशीर! मला कसं सुचलं नाही? अरे, डबे जागेवर ठेव ते! आणि गल्लीत सांग सगळ्यांना! नाही, नको सांगू, गोंधळ होईल! नाही, सांग!"

संध्याकाळपर्यंत पहिलं कवच फुटलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेहतीस पिल्लं ओली, मग सुकी, मग गुबगुबीत होऊन एकमेकांच्या डोक्यावर पाय देत होती. मास्तर प्रत्येकाचं अभिनंदन करत हिंडले. कोंबडा टाकीवरून खाली उतरून आला, दारातून आत बघितलं आणि गांगरून निघून गेला. भाच्याने खोकी घडी करून गाडीत टाकली आणि "शब्द म्हणजे शब्द" म्हणून चार दिवस खुराडं बांधायला राहिला.

पिल्लांना अंगावर पिसं येईस्तोवर ऊब लागतेच. त्यामुळे पाळ्या चालू राहिल्या. मग एक दिवस सकाळी दहाला, कुणाला काही न सांगता वीज आली. गल्लीत आरडाओरडा झाला, पंखे फिरले, कुणाचा तरी रेडिओ एकदम मोठ्याने सुरू झाला. पेटीतले दोन्ही बल्ब लागले आणि पिल्लं त्यांच्याखाली जाऊन पसरली. आत्या हात कमरेवर ठेवून समाधानाने बघत उभी राहिली. बघता बघता तास कधी गेला ते तिला कळलं नाही.

ओसरीच्या पायरीवर चपलांचा आवाज झाला. पाठोपाठ बाटल्यांचा.

आत्याने झटकन हात घालून पेटीचं बटण बंद केलं.

"अगं आत्या!" भाचा हातोडी घेऊन आत येत होता. "बल्ब का घालवलास? आत्ताच तर आली वीज!"

"गप्प बस," आत्या म्हणाली. "अकरा वाजलेत." आणि दाराकडे वळून जोरात हाक मारली, "ये रे, टेलर, ये! बघ बरं जरा, गार पडलीत का पिल्लं?"